कळते, मग वळत का नाही?

'जाणीव' हा शब्द – आपल्या बोलीत, कायद्यात आणि धम्मात

आपल्या वस्तीत कोणताही कार्यक्रम असो, फलकावर एक शब्द हमखास असतो – जागृती. समाजजागृती मेळावा, महिला जागृती शिबिर, धम्मजागृती सप्ताह. वक्ते तळमळीने बोलतात, लोक टाळ्या वाजवतात, 'समाजात जाणीव निर्माण झाली पाहिजे' असे सांगून अध्यक्ष समारोप करतात आणि खुर्च्या गोळा होतात. दुसऱ्या दिवशी त्याच सभेत पुढच्या रांगेत बसलेला एक भाऊ दहा पानांच्या कागदावर एकही ओळ न वाचता सही करून येतो. दुसरा संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो. तिसऱ्याच्या घरात मुलीची शाळा बंद होते आणि मुलाची चालू राहते. ह्यांच्यापैकी कोणालाही 'तुला माहीत नाही का?' असे विचारले, तर उत्तर एकच येते, 'माहीत आहे हो, पण...'

ह्या 'पण'मध्ये आपली सगळी अडचण दडलेली आहे. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी एक म्हण करून ठेवली, कळते पण वळत नाही. कळणे आणि वळणे ह्यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे जाणीव राहते. हा शब्द आपण रोज वापरतो. पण तो घरात एका अर्थाने येतो, न्यायालयात दुसऱ्या अर्थाने आणि विहारात तिसऱ्या. तिन्ही अर्थ एकदा नीट समजून घेतले तर आपलाच फायदा आहे. कारण एका अर्थाचे अज्ञान आपला पैसा घालवते, दुसऱ्याचे न्याय घालवते आणि तिसऱ्याचे आयुष्य.

माहिती वेगळी, भान वेगळे

आपली मराठी ह्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. ठाऊक, माहिती, जाण, जाणीव, भान, शुद्ध, जाग, ध्यान, अवधान असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि शाळेत न गेलेली आजीसुद्धा ते अचूक वापरते. मूल तापाने फणफणले की ते 'शुद्धीवर' आहे का हे ती पाहते. सून चुलीपाशी बोलत उभी राहिली की 'पदराचे भान ठेव' म्हणते. नातू पैसे उडवू लागला की 'बापाच्या कष्टाची जाणीव ठेव' असे बजावते. ह्यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, वाक्य लगेच लंगडे होते.

माहिती दुसऱ्याकडून मिळते. ती वहीत लिहून ठेवता येते, परीक्षेत लिहिता येते. भान मात्र उसने आणता येत नाही आणि उद्यासाठी साठवूनही ठेवता येत नाही. विजेचा धक्का बसतो, ही माहिती तारांवर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला असते. यंत्राच्या पट्ट्यात बाही अडकते, हे कारखान्यातल्या नव्या पोरालाही पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. तरी अपघात होतो, कारण त्या एका क्षणी माहिती होती, पण भान नव्हते. जाणीव ह्या शब्दात ह्या दोन्ही गोष्टी येतात आणि शिवाय तिसरी एक येते, ती म्हणजे जबाबदारी. 'बापाच्या कष्टाची माहिती ठेव' असे कोणी म्हणत नाही. जाणीव ठेवायची म्हणजे त्याप्रमाणे वागायचे, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

पायरीची जाणीव आणि हक्काची जाणीव

परंतु हाच शब्द आपल्या विरुद्धही वापरला गेला, हे विसरता येत नाही. गावगाड्यात आपल्या लोकांना शतकानुशतके एकाच गोष्टीची जाणीव करून दिली जात होती – आपल्या पायरीची. पायरी ओळखून राहा, पायरी सोडू नका. कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या पाणवठ्यापासून किती लांब उभे राहायचे, कोणासमोर बसायचे नाही, ह्याची जाणीव मुलाला चालता येऊ लागण्याच्या आत होत असे. ही जाणीव इतकी पक्की होती की तिला कोणी पहारेकरीही लागत नसे. माणूस स्वतःच स्वतःवर पहारा करी.

महात्मा जोतीराव फुल्यांनी ह्या रोगाचे निदान अविद्या ह्या एका शब्दात केले. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी दुःखाच्या कारणांची जी साखळी सांगितली, तिच्या आरंभी अविज्जा म्हणजे हीच अविद्या आहे. बाबासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले. गुलामाला त्याच्या गुलामगिरीची जाणीव झाली की तो स्वस्थ बसूच शकत नाही, हा त्यांचा विचार आपल्या वस्त्यांच्या भिंतींवर आजही लिहिलेला दिसतो. शब्द तोच, जाणीव. परंतु बाबासाहेबांनी त्याचे तोंड फिरवले. पायरीची जाणीव होती, तिथे हक्काची जाणीव आली.

महाडचा इतिहास ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. त्यानंतर १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे हक्क कागदावर आला होता. तरीही आपला एकही माणूस तळ्यावर पाणी प्यायला गेला नाही, कारण सवर्णांची दहशत होती आणि पायरीची जुनी जाणीव अंगात मुरलेली होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि प्रत्येकाने ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाला जीव आला. त्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. १९२४ साली जे कळले होते, ते वळायला १९२७ उजाडावे लागले.

कायद्याच्या तराजूत जाणीव

मुलांच्या भांडणात एकाचे डोके फुटले की आईचा पहिला प्रश्न असतो, 'मुद्दाम केलेस की चुकून?' फौजदारी कायद्याचा निम्मा डोलारा ह्याच प्रश्नावर उभा आहे. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. पण हा प्रश्न बदललेला नाही.

कायदा माणसाच्या मनाच्या पायऱ्या पाडतो. पहिली पायरी हेतूची, म्हणजे करायचेच होते. दुसरी ज्ञानाची, म्हणजे करायचे नव्हते, पण असे होईल हे ठाऊक होते. तिसरी हयगयीची, म्हणजे ठाऊक असायला हवे होते, पण बेपर्वाईने लक्ष दिले नाही. खून ठरत नाही, पण सदोष मनुष्यवध ठरतो, अशा प्रकरणात न्याय संहितेचे कलम १०५ लागते. तिथे हेतू सिद्ध झाला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे; केवळ ज्ञान सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत. आणि नुसती हयगय असेल तर कलम १०६ लागून साधारणपणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. जुन्या संहितेत हयगयीला तर दोनच वर्षे होती.

हा शब्दच्छल वकिलांसाठी आहे असे कोणी समजू नये. आपल्या भावांचे जीव त्यात अडकलेले आहेत. गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरलेला सफाई कामगार विषारी वायूने मरतो, तेव्हा अपघाती मृत्यूची नोंद होते. फार झाले तर ठेकेदारावर हयगयीचा गुन्हा लागतो. वास्तविक संरक्षक साधनांशिवाय माणसाला तिथे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ज्या ठेकेदाराला आतल्या वायूची कल्पना दिली होती, ज्याच्याकडे आधीही माणूस गुदमरला होता, त्याच्या बाबतीत 'लक्ष दिले नाही' म्हणायचे की 'ठाऊक असून उतरवले' म्हणायचे? हा प्रश्न फिर्याद लिहून देतानाच विचारला गेला पाहिजे. ठेकेदाराला काय सांगितले होते, कोणी, कधी आणि कोणासमोर सांगितले, हे फिर्यादीत आले नाही, तर पुढे ते सिद्ध करणे फार कठीण जाते. गटारातील मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली होती. २०२३ साली ती तीस लाख केली. हे आकडे प्रत्येक सफाई कामगाराच्या घरात ठाऊक असले पाहिजेत.

कायदा काही जणांना जाणीव नाही असे मानून सोडतो. सात वर्षांखालचे मूल गुन्हेगार होऊ शकत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज होती का, हे पाहिले जाते. मनाच्या आजारामुळे ज्याला आपण काय करतो हेच कळत नव्हते, त्यालाही संरक्षण आहे. दारू प्यालेल्याचे काय? कोणी जबरदस्तीने किंवा फसवून पाजली असेल तर गोष्ट वेगळी. परंतु जो स्वतः होऊन प्याला, त्याला शुद्धीत असताना जे ज्ञान असते, ते त्या वेळीही होते असेच कायदा धरून चालतो. 'साहेब, मी भानावर नव्हतो' ही सबब तिथे कामाला येत नाही. पाचव्या शीलाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही; तिच्याकडे पुढे येतोच.

आणखी एक साधे उदाहरण घ्या. वीस हजारांचा मोबाइल कोणी नाक्यावर दोन हजारांत देतो. पावती नाही, डबा नाही. पोरगा खूष होऊन घेतो. पुढे पोलीस येतात तेव्हा तो शपथेवर सांगतो, 'चोरीचा आहे हे मला माहीत नव्हते.' परंतु चोरीचा माल घेण्याच्या गुन्ह्यात 'ठाऊक होते' एवढेच पाहत नाहीत, 'तसे वाटण्यास पुरेसे कारण होते का' हेही पाहतात. डोळे मिटून घेतले म्हणून कायद्याच्या लेखी अंधार होत नाही. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, ही आपली म्हण कायद्यालाही ठाऊक आहे.

सही म्हणजे जाणीव

आता दिवाणी बाजू. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वांनी ऐकलेले असते. कागदाच्या बाबतीतही साधारण नियम असाच कडक आहे. सही केली म्हणजे मजकूर वाचला आणि मान्य केला, असे धरले जाते. १८७२ सालच्या करार कायद्यात संमतीची व्याख्या फार सुंदर आहे. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे, असा तिचा आशय. जबरदस्ती, दडपण किंवा फसवणूक करून घेतलेली संमती मोकळी संमती नव्हे, असेही तो कायदा सांगतो. निरक्षर आणि पडद्यातल्या स्त्रियांना न्यायालयांनी ह्या बाबतीत संरक्षणही दिले आहे. परंतु हे सर्व कोर्टात गेल्यावर, वर्षे गेल्यावर आणि पुरावा दिल्यावर. आपल्या आजोबांच्या अंगठ्याखाली किती गुंठे गेले, ह्याचा हिशेब कोणत्याही कोर्टात लागलेला नाही. अंगठा त्यांचा होता, जाणीव सावकाराची होती.

आता अंगठे कमी झाले, सह्या आल्या. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा ह्यांत फरक कोणता? कारकुनी टेबलावर वर्षानुवर्षे कर्जाचे कागद पाहिलेल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो, सर्वांत जास्त घरे 'जामीनदार' ह्या एका शब्दाने अडचणीत येतात. 'नुसती सही आहे, तुमचा काही संबंध नाही' असे मित्र सांगतो. करार कायद्याचे कलम १२८ मात्र सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मित्राने हप्ता बुडवला की पतसंस्था सरळ तुमच्याकडे येऊ शकते. मित्राची मालमत्ता आधी विका, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला साधारणपणे मिळत नाही. मैत्री राखायची असेल तर जरूर राखा, पण ही गोष्ट जाणून सही करा. आणि घरातल्या बाईला न सांगता जामीन राहू नका. पगारातून कपात सुरू झाली की उपास तिलाही घडतो.

त्याला जात ठाऊक होती का?

'जाणीव' ह्या शब्दाचा आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध अॅट्रॉसिटी कायद्यात येतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८९ सालच्या ह्या कायद्यात एक महत्त्वाचे कलम आहे, ३(२)(५). दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध झाला, तर त्याला जन्मठेप आहे. परंतु मूळ कलमात अट अशी होती की, ती व्यक्ती त्या जातीची आहे ह्या कारणावरूनच गुन्हा झालेला असला पाहिजे. आरोपीच्या मनातले कारण सिद्ध कसे करायचे? आरोपीचा वकील म्हणे, भांडण शेताचे होते, बांधाचे होते, पैशाचे होते, जातीचे नव्हतेच.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे ह्यांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी धरले, परंतु अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयातही तो लागला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जे दिसत होते, ते कायद्याच्या शब्दांत बसले नाही.

पुढे ह्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. 'त्या कारणावरून' हे शब्द जाऊन त्यांच्या जागी 'ती व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची आहे हे ठाऊक असताना' अशा अर्थाचे शब्द आले. म्हणजे आरोपीच्या मनातला द्वेष उकरून दाखवण्याची गरज उरली नाही. त्याला जात ठाऊक होती एवढे पुरे. आणि ठाऊक होती हे तरी कसे दाखवायचे? त्यासाठी कलम ८ मध्ये नवी तरतूद आली. आरोपीची पीडित व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जातीची जाणीव होती असेच न्यायालयाने धरायचे. नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीवरील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बलात्काराची शिक्षा कायम ठेवली, पण घटना दुरुस्तीपूर्वीची असल्याने जुनी अट लावावी लागली आणि अॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. दुरुस्तीने ही अट बदलल्याची नोंद त्याच निकालात आहे. एका शब्दाच्या फरकाने केवढा फरक पडतो पाहा!

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. फिर्याद देताना केवळ काय घडले एवढेच सांगून थांबू नका. आरोपी आपल्याला किती वर्षांपासून ओळखतो, एकाच गावचा आहे का, त्याच्या शेतावर किंवा दुकानात कोणी कामाला होते का, आपल्या घरी किंवा जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तो होता का, हे सर्व लिहायला लावा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय पोलीस ठाणे सोडू नका. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे म्हणणे मांडण्याचा हक्कही ह्या कायद्याच्या कलम १५-अ ने पीडितांना दिलेला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवण्यासारखा आहे.

धम्मातली जाणीव

कायदा गुन्हा घडून गेल्यावर मागे वळून विचारतो, 'तेव्हा तुला ठाऊक होते का?' धम्म हाच प्रश्न कृती करण्याच्या आधी आणि करतानाच विचारतो. हा दोघांतला मोठा फरक.

तथागतांनी कर्माची व्याख्या चेतनेवरून केली. मनातला हेतू हेच खरे कर्म. भिक्खूंच्या विनय-नियमांतही 'जाणूनबुजून' ह्या शब्दाला मोठे स्थान आहे. जाणून प्राणिहत्या केली तर दोष, नकळत पाय पडला तर तो दोष लागत नाही. वेडाच्या भरात असलेल्यालाही नाही. आज जे तत्त्व फौजदारी न्यायालयात चालते, ते भिक्खुसंघात दोन हजार वर्षांपूर्वीपासून चालत आलेले आहे.

मग अज्ञानी माणूस सुटला म्हणायचे का? ह्यावर 'मिलिंदप्रश्न' ग्रंथात एक मार्मिक संवाद आहे. राजा मिलिंद भदंत नागसेनांना विचारतो की, जाणून पाप करणाऱ्याचे अकल्याण जास्त की न जाणता करणाऱ्याचे? नागसेन सांगतात, न जाणता करणाऱ्याचे. राजाला नवल वाटते. तेव्हा ते लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टान्त देतात. गोळा तापलेला आहे हे ज्याला ठाऊक आहे तो जपून हात लावील. ज्याला ठाऊक नाही तो मुठीत घट्ट धरील. मग जास्त कोण भाजेल? हे वाचून आपल्याला वाटते की कायदा आणि धम्म उलट बोलत आहेत. तसे नाही. कायदा शिक्षा मोजतो, नागसेन इजा मोजत आहेत. न वाचता जामीन राहणाऱ्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही, तरी भाजतो तोच.

अष्टांगिक मार्गातल्या सातव्या अंगाला आपण सम्यक स्मृती म्हणतो. पालीत तो शब्द 'सति' असा आहे. संस्कृतातील स्मृती आणि पालीतील सति हा एकच शब्द. केवढा योगायोग! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी जाळली तीही स्मृतीच होती, मनूची. तिने माणसाला आपली पायरी आठवत ठेवायला सांगितले. बुद्धाची स्मृती माणसाला स्वतःचे शरीर, वेदना, चित्त आणि धम्म ह्यांवर लक्ष ठेवायला सांगते. चालताना, पाहताना, हात पसरताना, जेवताना, पाणी पिताना, चीवर नेसताना आपण काय करतो आहोत ह्याचे भान असावे, इतकी साधी ही शिकवण आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाचा अखंड जागेपणा, वाईट वासनांवर मनाने ठेवलेला पहारा असा उलगडला आहे. जो पहारा पूर्वी आपण पायरी सोडू नये म्हणून स्वतःवर करत होतो, तोच आता लोभ, द्वेष आणि मोहावर ठेवायचा आहे.

पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. त्यातला 'पमादट्ठाना' हा शब्द किती जण अर्थासह म्हणतात? पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. दारू ही त्या गाफीलपणाची जागा आहे, म्हणून ती वर्ज्य. दारूची बाटली अपवित्र आहे असे धम्म म्हणत नाही. माणसाचे भान ती काढून घेते आणि भान गेले की उरलेली चार शीले मोडायला वेळ लागत नाही. कोर्ट 'मी प्यालो होतो' ही सबब का ऐकत नाही, ह्याचे उत्तर इथे सापडते. भान घालवायचे हे तू भानावर असतानाच ठरवले होतेस. ह्या पमादाच्या उलट तो अप्पमाद. धम्मपदाचा दुसरा वर्गच त्याच्या नावाचा आहे आणि कुसिनारा येथे महापरिनिब्बानाच्या आधी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, तोही अप्पमादाने प्रयत्न करत राहण्याचाच.

जाणीव जन्माने मिळत नाही

इथे कोणी म्हणेल, हे ध्यान-चिंतन शिकलेल्यांसाठी ठीक, आमच्यासारख्या कष्टकऱ्यांना कसे जमणार? ह्याला तथागतांचे उत्तर आहे. साति नावाचा एक भिक्खू, कोळ्याचा मुलगा, असे मानत होता की जाणीव ही एक न बदलणारी वस्तू असून ती एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते. तथागतांनी त्याचे मत खोडून काढले. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची आग. तशी जाणीवही कारणांमुळे उत्पन्न होते. ह्याचा आपल्यासाठी अर्थ फार मोठा आहे. ज्ञान अमक्या कुळात जन्मतःच असते आणि तमक्या कुळात नसतेच, हा दावा ह्या एका विचाराने कोसळतो. सरपण मिळाले तर जाणीव कोणाच्याही घरात पेटते. शाळा, वाचनालय, विहार, संघटना, साप्ताहिक ही सारी सरपणाची कामे आहेत. आणि सरपण थांबले तर आपल्या बापाने पेटवलेली आग आपल्या घरात विझते, हेही तितकेच खरे.

चूळपंथक थेरांची कथा सर्वांनी मुलांना सांगावी. चार महिने घोकूनही त्यांना एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्यांना जायला सांगितले. तथागतांनी मात्र त्यांच्या हाती एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि त्या मळातून चूळपंथकांना अनित्यतेचा बोध झाला. पाठांतर नव्हते, पदवी नव्हती; हातातल्या कामावर लक्ष होते. आपल्यातल्या किती आया अशा आहेत! सही करता येत नाही, पण रेशनवाला मापात मारतो हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि पदवी घेतलेला मुलगा अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगून महिन्याचा पगार घालवून बसतो.

घरात काय करता येईल?

उपदेश पुष्कळ झाला. आता घरात आणि वस्तीत जमण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, घरात कोणताही कागद आला तर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचायचा आणि घरातल्या सर्वांनी ऐकायचा. इंग्रजी असेल तर शेजारच्या कॉलेजच्या मुलाला बोलवायचे. 'वाचायला वेळ नाही, लवकर सही करा' असे जो म्हणेल, त्याला उद्या या म्हणायचे. सही केली की प्रत मागायची आणि सर्व कागद एका पिशवीत ठेवायचे.

दुसरी, रविवारच्या वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे एखाद्या हक्काची माहिती वाचायची. एका रविवारी मोफत वकील, दुसऱ्या रविवारी अॅट्रॉसिटीचे कलम ८, तिसऱ्या रविवारी माहितीचा अधिकार – २००५ च्या ह्या कायद्याने साध्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

तिसरी, पंचशील अर्थासह म्हणायचे आणि मुलांकडून एकेका शीलाचा अर्थ विचारायचा. मुलाने 'पमाद म्हणजे काय?' असे विचारले आणि बापाला तोंड चुकवावे लागले, तर तेही एक प्रकारचे शिबिरच आहे.

चौथी, रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून आजचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा. कोठे राग आला, कोठे भान सुटले, कोणाला बोललो, कोणाच्या कष्टाची जाणीव ठेवली नाही. विशेषतः घरातल्या बाईच्या कष्टाची. पायरीची जाणीव दुसऱ्याने आपल्याला दिली म्हणून आपण पेटून उठलो. तीच पायरी आपण आपल्या बायकोला आणि मुलीला घरात दाखवत असू, तर महाडचे पाणी आपल्या घरात अजून आलेले नाही.

१९२४ चा ठराव कागदावर होता आणि तळे तिथेच होते. अंतर होते ते फक्त काही पावलांचे. आजही आपले पुष्कळसे हक्क आणि पंचशीलही असेच आपल्यापासून काही पावलांवर आहेत. ती पावले कोणा पुढाऱ्याने आपल्यासाठी टाकायची नाहीत. ती आपल्याच पायांनी, भान ठेवून टाकायची आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!